मेहरूणच्या खोलीतला आवाज

माणसाचा आवाज नीट भरायचा तर आधी खोली मेली पाहिजे, असं मी त्या काळी येईल त्याला ऐकवत असे. मेलेली खोली म्हणजे टाळी वाजवली तर नुसती टाळी ऐकू यावी, तिच्यामागून भिंतीचं उत्तर येऊ नये. जळगावात मेहरूणच्या बाजूला आमचं घर होतं, त्यातली मागची खोली मी अशी मारली होती. आईला हा शब्द मुळीच चालायचा नाही. राहत्या घराबद्दल असं बोलू नये, म्हणायची. मी म्हणायचो, तंत्रातला शब्द आहे. ती म्हणायची, तुझं तंत्र दुकानात ठेवून ये.

दुकान बाजारात होतं, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. कॅसेटी इतक्या स्वस्त झाल्या होत्या की ज्याला दोन ओळी सुरात म्हणता येत त्याला आपली कॅसेट निघावी असं वाटू लागलं होतं. भजनी मंडळं, लग्नातले गाणारे, गणपतीतले पोवाडेवाले, सगळे विचारत येत. मुंबईला जाऊन स्टुडिओ घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. मग मीच एक चांगला माईक आणि एक चांगला डेक आणला, चार आवाज एकत्र करता येतील असा मिक्सर स्वतःच्या हाताने जोडला, आणि घरात स्टुडिओ थाटला.

मुंबईत भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकतात असं कुणीतरी सांगितलं होतं. स्टेशनाजवळच्या अंडेवाल्याकडून मी हातगाडीभर ट्रे आणले. आईने ते दारातच अडवले. आजवर या घरात अंडं आलं नाही, आता भिंतीवर चढवतोस का, म्हणाली. ट्रे रिकामे आहेत हे मी तिला समजावून सांगत होतो आणि ती मला दाराबाहेरच समजावत होती. शेवटी ट्रे गेले भंगारात आणि भिंतींवर आमच्या घरातल्या यच्चयावत गोधड्या चढल्या. जिनिंगमधून आणलेला कापूस पोत्यांत ठासून मी ती पोती चारी कोपऱ्यांत उभी केली. खिडकीला गादी लावली. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ स्वयंपाकघरात नेलं. आईच्या कशिद्याच्या लाकडी रिंगवर तिच्याच जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा ताणून बसवला आणि तो माईकसमोर टांगला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर माईकवर आदळत नसे. गाणाऱ्याला माईकपासून एक वीत दूर बसवायचो आणि तोंड जरासं तिरकं ठेवायला लावायचो. पंखा अर्थातच बंद. मार्चमध्ये जळगावात बंद खोलीत पंख्याशिवाय बसणं काय असतं ते जळगावकरांना सांगायला नको.

माझे कान फार तीक्ष्ण होते आणि त्याचा मला माज होता. डोक्याला हेडफोन लावला की गाणाऱ्याने मान किती वळवली ते मी डोळे मिटून सांगायचो. आज दही खाल्लंय का, हे आवाजावरून ओळखायचो. लोक थक्क व्हायचे. आपल्याला ऐकू येत नाही असं काही जगात आहे, हे मला तेव्हा पटलंच नसतं.

ज्या गायकाची ही गोष्ट, त्याला मी पहिल्यांदा ऐकलं ते एका डाळमिलमध्ये. मिलमालकाकडे पूजा होती आणि त्यांचा लाउडस्पीकर बोलेना, म्हणून मला बोलावलं होतं. मी वायरींत डोकं घालून बसलो होतो. मिल चालू असेपर्यंत स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. मग जेवणाच्या सुट्टीला यंत्रं थांबली, आणि हमालांमधला एक जण पोत्यांच्या थप्पीला टेकून गाऊ लागला. त्याला कुणी गा म्हटलं नव्हतं आणि तो कुणाकडे बघतही नव्हता. पत्र्याच्या एवढ्या मोठ्या शेडमध्ये, तुरीच्या धुळीत, तो आवाज असा उघडा आणि भरदार फिरत होता की माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. मी आयुष्यात खूप गळे ऐकले, पण असा पुन्हा ऐकला नाही.

हा माणूस चाळिशीचा होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मूळचा चोपड्याकडच्या एका खेड्यातला, बौद्ध कुटुंबातला. दिवसभर पोती वाहायचा आणि जयंतीच्या दिवसांत गाण्याचे कार्यक्रम करायचा. गाणी स्वतः रचायचा. मी त्यांना भाऊ म्हणायला लागलो, ते मला दादा म्हणायचे. मिलच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. एकाच बाकावर बसून, सारख्याच कपांतून. तेव्हा माझ्या मनात काही आलंसुद्धा नाही, आणि याचाही मला छुपा अभिमान होताच.

कॅसेटचं मी विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले नाहीत. आधी खोकले. मग म्हणाले की गेल्या पावसाळ्यापासून गळा धरतो आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने आत बघून सांगितलं होतं, धुळीतून बाहेर पड, नाहीतर आवाज जाईल, आणि एकदा गेला की परत यायचा नाही. पण मिल सोडली तर खायचं काय? कॅसेट निघाली, गावोगाव वाजली, तर त्यांच्या गाण्याच्या पार्टीला वर्षभर कार्यक्रम मिळतील आणि मिल सुटेल, असा त्यांचा हिशोब होता. आणि तो चुकला तरी एक गोष्ट राहील, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“मना आवाज जाई, तथीन पहिले एकदाव टेपमा भरी ल्या, दादा.”

मी शब्द दिला. कॅसेट जयंतीच्या आधी बाजारात यायला हवी होती. म्हणजे मार्चमधल्या मिलच्या साप्ताहिक सुट्ट्या, चार दुपारी, एवढाच वेळ हातात होता.

पहिल्या दुपारी ते सायकलवर आले, पांढरा शर्ट इस्त्री करून. सोबत ढोलकीवाला, त्यांच्याच वस्तीतला एक तरुण. आईने दोघांची विचारपूस केली. ती तशी मायाळू बाई होती, हे मी आजही म्हणतो. उन्हातून आलेत म्हणून तिने टरबूज कापून दिलं. पाणीही आणलं. भाऊंसाठी एक ग्लास होता, काठाला जरा चेपलेला, मागच्या ओट्यावर कोनाड्यात पालथा असायचा तो. आईने त्यात वरून पाणी ओतलं. भाऊंनी ते पिऊन, ओट्याकडे जाऊन ग्लास विसळला, आणि जिथून आला होता तिथे पालथा ठेवला. ढोलकीवाल्याने पाणी नको म्हटलं.

हे मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं. पण तो ग्लास मी जन्मापासून त्या कोनाड्यात पाहत होतो. कोण आलं की तो खाली यायचा आणि कोण आलं की यायचा नाही, हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं आणि तरी पाठ होतं. उलट भाऊंनी ग्लास विसळून ठेवला तेव्हा माझ्या मनात आलं ते एवढंच, की माणूस किती व्यवस्थित आहे.

खोलीत गेलो. हेडफोन लावला, मान हलवली, त्यांनी सुरुवात केली. आणि तो मिलमधला आवाज आलाच नाही. सूर बरोबर होते, शब्द स्वच्छ होते, पण सगळं आखडलेलं. समोरच्याला त्रास होऊ नये अशा बेताने माणूस दुसऱ्याच्या घरात बोलतो, तसा तो आवाज येत होता. मी म्हटलं, नवीन जागा आहे, होईल मोकळा. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. संध्याकाळपर्यंत दोन गाणी झाली आणि दोन्ही मला पसंत पडली नाहीत.

मग मी माझं तंत्र परजलं. माझ्या मते दोष खोलीचा होता. मेलेल्या खोलीत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, त्यामुळे बिचकतो. हे खरंही आहे, म्हणून तर मी इतका सहज फसलो. दुसऱ्या सुट्टीच्या आधी मी दोन गोधड्या उतरवल्या. माईक थोडा वर घेतला, मग थोडा खाली. त्यांना उभं करून गायला लावलं. काही उपयोग झाला नाही. उलट एक नवाच त्रास सुरू झाला. प्रत्येक ओळीच्या आरंभी हेडफोनमध्ये बारीक चट् असा आवाज येऊ लागला. जीभ टाळूला चिकटून सुटली की येतो तसा. तोंड कोरडं पडलं की हे होतं. नुसत्या कानाला कळत नाही, पण माईक वीतभर अंतरावर असला की लपत नाही.

मी चिडलो. माझा स्वभावच तसा, काम बिघडलं की समोरच्यावर ओरडायचं. गूळ खाता ना, मी विचारलं. मिलमधले हमाल सुट्टी झाली की धूळ उतरावी म्हणून गूळ खातात, हे मला माहीत होतं. गूळ बंद करा, म्हटलं, तोंड चिकट होतं. ज्येष्ठमध चघळा, खडीसाखर ठेवा. आणि पाणी प्या मधेमधे. पाणी आणू का?

“नको, दादा. तहान नही.”

दुपारचे दोन वाजले होते. पंखा बंद होता. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवईवरून खाली गळत होता. आणि मी, तीक्ष्ण कानांचा, त्यांच्या या उत्तरावर विश्वास ठेवला. येताना कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला ओंजळ लावून ते पाणी पितात हे मी गच्चीवरून पाहिलं होतं. वाटलं, मिलमधली सवय.

तिसऱ्या सुट्टीला मी ठरवलं होतं की आज काहीही करून चार गाणी उरकायची. दोन झाली. तिसऱ्याला मी मशीन चालू केलं, हाताने खूण करणार तोच बाहेर कल्हईवाल्याने भांडी ठोकायला घेतली. या फेरीवाल्यांनी माझं आयुष्य अर्धं केलं होतं. मशीन बंद करायचं भान न ठेवता मी हेडफोन फेकून बाहेर धावलो. कल्हईवाला काही ऐकेना. त्याने भट्टी पेटवली होती, शेजारणीने पातेली काढून ठेवली होती. शेजारीण वेगळी भांडली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. परत आलो तर दोघे गप्प बसले होते. मी मशीन बघितलं, टेप पुढे गेलेली होती, ती तिथूनच पुढे चालू ठेवली. त्या दिवशी आणखी एक गाणं झालं, तेही रडतखडत.

संध्याकाळी ते गेल्यावर मी टेप मागे नेऊन सगळं ऐकायला बसलो. कल्हईवाल्याची ठोकाठोक, माझ्या चपलांचा आवाज, दार. मग शांतता. मग ढोलकीवाला हळूच म्हणाला की घसा सुकला, पाणी मागतो. आणि भाऊंचा आवाज आला, अगदी जवळून, कारण ते माईकपुढेच बसलेले होते.

“आठे पाणी नको मांगू. मना गिलास न्यारा शे, ओट्टावर ठेवेल शे, दखा ना तू? माय मायाळू शे, तिनावर मना राग नही. पण तो गिलास हातमा लिधा का मना आवाज आतमा बशी जास. मंग काय गावानं?”

ढोलकीवाला म्हणाला की दादाला सांगून टाका ना मग.

“सांगानी गोट नही ती. ज्याले ऐकू येस, त्याले ऐकू ई.”

मग ढोलकीवर दोन बोटं वाजली आणि भाऊ गायला लागले. कॅसेटमध्ये घ्यायच्या यादीत हे गाणं नव्हतं. त्यांच्या आईवरचं होतं, खानदेशीत, तापीकाठच्या केळीच्या मळ्यात ती मजुरीला जायची त्याचं. आणि तो आवाज! तोच, मिलमधला. त्याच मेलेल्या खोलीत, त्याच माईकवर, त्याच कोरड्या गळ्याने. मी दाराबाहेर होतो, एवढाच काय तो फरक. तीन कडवी झाली आणि दाराची कडी वाजली, आणि गाणं तिथेच तुटलं.

मी हेडफोन काढला. कान भाजल्यासारखे झाले होते. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. उठून तिच्याकडे जावं, तो ग्लास उचलून आपल्या मांडणीत ठेवावा, एवढं सोपं काम होतं. मी दारापर्यंत गेलोही. तिची पाठ दिसली, थापण्याची लय ऐकू आली, आणि माझे पाय तिथेच अडले. ती काय म्हणेल, अबोला धरेल, जेवायची नाही, नातेवाइकांना कळेल. मूग गिळून मागे फिरलो. लाज वाटली, पण लाजेने मी जे केलं ते जास्त लाजिरवाणं आहे. ती टेप पुन्हा ऐकावी लागू नये, कुणाच्या हाती पडू नये, म्हणून मी ती मागे नेली, माईकची वायर उपसली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. त्या दिवशीची गाणी दुसऱ्या टेपवर उतरवून घेतली होती, तेवढी सावधगिरी मी बाळगली. मग चाकं फिरत होती आणि मी समोर बसून त्यांच्या आवाजावर शांतता भरत होतो. अर्धा तास लागला. मधे आईने जेवायला हाक मारली, तर आलोच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन एक मोठा थर्मास आणला आणि काचेचे सहा सुंदर ग्लास आणले, निळ्या फुलांचे. खोलीत एका स्टुलावर रुमाल घालून मांडले. आईला सांगितलं की स्टुडिओत कलाकारांसाठी वेगळी सोय असावी लागते. तिलाही ते पटलं. एवढं झाल्यावर मला कमालीचं हलकं वाटलं. मी मेकॅनिक माणूस. बिघाड कळला, नवा पार्ट आणून बसवला. जुना चेपका ग्लास काढून त्या जागी सहा चकचकीत ग्लास ठेवले, आणि त्यांनाही ‘वेगळी सोय’च म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

चौथ्या सुट्टीला भाऊ आले. खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी शोधत असल्यासारखं, असं आता वाटतं. मग स्टुलाकडे पाहिलं. मी मोठ्या उत्साहाने थर्मास उघडला, आतल्या बर्फाचा आवाज ऐकवला. त्यांनी एक ग्लास उचलून फिरवून बघितला.

“तुम्ही बी याच गिलासमा पेतस का?”

हो तर, मी म्हणालो. खोटं होतं. माझा तांब्या आत होता, मांडणीवर.

त्यांनी ग्लास भरला आणि सावकाश प्यायले. मग तोच ग्लास थोड्या पाण्याने विसळला, ते पाणी खिडकीतून बाहेर टाकलं, पुन्हा भरला, आणि माझ्यापुढे धरला. ढोलकीवाल्याने दोरी आवळायची थांबवली होती.

टपरीवर मी शंभरदा त्यांच्याबरोबर चहा प्यायलो असेन. पण हे घर होतं. दार उघडं होतं आणि आई ओट्यावर धान्य निवडत होती. मी म्हणालो, “मला नको, भाऊ. तहान नाही.”

बोलून गेलो आणि ते वाक्य कुणाचं होतं ते मला आठवलं. त्यांनी मान हलवली, ग्लास रुमालावर ठेवला, आणि म्हणाले की करा सुरू. उरलेली सगळी गाणी त्यांनी त्या दुपारी म्हटली, आधीची होती तीही पुन्हा. एकदाही चुकले नाहीत, एकदाही थांबले नाहीत. चट् असा आवाज एकाही ओळीला नाही. श्वास जागच्या जागी, शब्द धुतल्यासारखे. माझ्या त्या खोलीत इतका स्वच्छ आवाज कधी भरला गेला नव्हता. आणि त्यात जीव म्हणून औषधालासुद्धा नव्हता.

मास्टर टेप घेऊन मी एसटीने धुळ्याला गेलो. तिथे एक जण कॅसेटी छापून द्यायचा. त्याने हेडफोनवर ऐकलं आणि माझी पाठ थोपटली. खानदेशातून एवढं साफ रेकॉर्डिंग आजवर आलं नाही, म्हणाला. परतीच्या वाटेवर मी ते कौतुक मनात घोळवत राहिलो. दुसरं काही मनात येऊ नये म्हणून असेल.

कॅसेट जयंतीच्या आठ दिवस आधी आली. वस्तीतल्या लोकांनी हौसेने घेतली, एकदा वाजवली, आणि पुन्हा आपले जुने स्पीकर लावून भाऊंना समोर उभं केलं. कॅसेटमध्ये मजा नाही, असं ते तोंडावर म्हणत. बाहेरगावी तर ती चाललीच नाही. ज्यांनी भाऊंना ऐकलं नव्हतं त्यांना ती ऐकून बोलवावंसं वाटलं नाही. कार्यक्रम आले नाहीत, मिल सुटली नाही. मी दोन-तीनदा मिलकडे जायला निघालो आणि बाजारातून परतलो. पुढच्या पावसाळ्यात आवाज बसला तो बसलाच, असं ढोलकीवाल्याकडून कळलं. मुंबईला नेऊन गळ्याचं ऑपरेशन केलं, जीव वाचला. मिलमध्ये त्यांना मग फाटकावर बसवलं.

आई काही वर्षांनी गेली. तिच्याशी मी त्या ग्लासाबद्दल एक शब्दही बोललो नाही. ती असेपर्यंत तो कोनाड्यातच होता, आणि ती गेल्यावर भांडी आवरताना मी तो मोडीत दिला. मोडीत द्यायला माणूस मरायची वाट पाहिली, असा मी शूर. तोवर लोक घरोघरी साध्या मशीनवर कॅसेटी उतरवायला लागले होते. मी स्टुडिओ बंद केला, गोधड्या उतरवल्या, खोली भाड्याने दिली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी भाऊ दुकानात आले. सोबत त्यांची मुलगी होती, शिक्षिका झालेली. भाऊंच्या गळ्याला रुमाल बांधलेला होता. मी बाकावर बसवलं, चहा सांगितला. ते बोलायचे ते नुसत्या वाऱ्यासारखं, तोंडाजवळ कान नेला तर कळेल इतकंच. मुलगी मधेमधे सांगत होती. तिचं लग्न ठरलं होतं. सासरी जाताना वडिलांचा आवाज सोबत न्यावा अशी तिची इच्छा. घरातल्या कॅसेटची फीत मशीनमध्ये अडकून कधीच खराब झाली होती.

मास्टर माझ्याजवळ होता. मी तो शोधून लावला. तिने एक गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं. फार स्वच्छ आहे, म्हणाली. शिकलेली मुलगी, सभ्य. मग म्हणाली की लहानपणी ऐकलेला आवाज असा नव्हता, पण तिला कदाचित नीट आठवत नसेल.

भाऊंनी हाताने तिला थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“मायवरलं गाणं द्या तिले. तुम्ही कल्हईवालाकडे गयथात, तवयनं. माले ठाऊक व्हतं यंत्र चालू शे.”

त्यांनी श्वास घेतला.

“तुमले ऐकू येवाले पाहिजे म्हणीसनच बोलनू मी.”

म्हणजे ते सगळं माझ्यासाठीच होतं. तोंडावर सांगायचं नव्हतं, माझ्या यंत्राला सांगून ठेवलं, आणि आठ दिवस थांबून मी काय करतो ते पाहायला आले. त्यांना काय दिसलं? बर्फ घातलेला थर्मास आणि निळ्या फुलांचे सहा ग्लास. शेवटी जे तोंडात आलं तेच म्हणालो, की ती टेप खराब झाली, बुरशी लागली, जुन्या टेपांचं असं होतं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. डोळे माझ्यावरून काढले नाहीत.

“खराब नही व्हयनी. तुम्ही पुशी टाकी.”

मी हो म्हणालो. तेवढं एक खरं बोललो. मुलीला काही कळलं नाही. काय म्हणाले बाबा, तिने विचारलं. मी तिला मास्टरवरून एक कॅसेट उतरवून दिली. तिने ती पर्समध्ये ठेवली आणि वडिलांना हाताला धरून उठवलं. ते चिडले असते, दुकानभर ओरडले असते, तर माझी जरा तरी सुटका झाली असती. पण ओरडायला लागतो तेवढा आवाज आता त्यांच्याजवळ नव्हता, आणि होता तेव्हाचा मी पुसला होता.